कवळी विषारी नाही, आणि ती उकळायचीही नसते

गेल्या महिन्यात एका सकाळी लॅबचं शटर वर करत होतो, तेवढ्यात पायरीवर एक काकी बसलेली दिसली. सत्तरी ओलांडलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात फडक्यात गुंडाळलेली कवळी. वरची कवळी हातात घेतली आणि काय झालं असेल ते लगेच लक्षात आलं. दोन्ही बाजू आत ओढल्यासारख्या झाल्या होत्या, टाळूच्या मागच्या कडेला पीळ पडला होता आणि गुलाबी रंगावर पांढुरके ढग उमटले होते.

“काय झाला काकी?”

“व्हाटसापार इला होता. प्लास्टिकाचा विष जाता म्हणान मियां उकळवलंय. तीनदा. आता तोंडात र्‍हवणाच नाय.”

ती कवळी दोन वर्षांपूर्वी माझ्याच लॅबमध्ये झाली होती. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ती काकींच्या तोंडात बसवून पाहिली, तर लगेच खाली पडली. दुरुस्त होण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन वर्षं बिनतक्रार चाललेली कवळी एका मेसेजने घालवली.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तो गावाच्या ग्रुपवरून, नातेवाइकांच्या ग्रुपवरून आणि एका भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कवळी बाटलीच्याच प्लास्टिकची असते आणि त्यात बीपीए (बिस्फेनॉल ए नावाचं रसायन) असतं. नव्या कवळीला येणारा वास विषाचा. गरम चहा, गरम पेज घेतली की ते विष वितळून पोटात जातं. त्याने तोंडाचा कॅन्सर होतो. उपाय म्हणून कवळी दर आठवड्याला मीठ घालून उकळा. रात्री काढू नका, नाहीतर जबडा आक्रसतो. आणि शेवटी, जमलं तर ती फेकूनच द्या आणि ‘केमिकलमुक्त’ फ्लेक्झिबल कवळी घ्या.

मी कुडाळात २२ वर्षं दातांची लॅब चालवतो. १९४८ च्या डेंटिस्ट कायद्याने आमच्यासारख्यांना डेंटल मेकॅनिक हे नाव दिलं. डॉक्टर माप घेतात, कवळी तोंडात बसवतात, आणि मधलं सगळं आमच्या टेबलावर होतं. त्यामुळे या मेसेजमध्ये ज्याला विष म्हटलंय तो माल मी रोज हाताळतो. त्यातलं खरं काय, खोटं काय, आणि खरं असलेलं कुठे भलत्याच ठिकाणी नेऊन लावलंय, ते एकेक करून सांगतो.

पहिलं, बाटली आणि बीपीए. प्लास्टिक हा शब्द धान्य या शब्दासारखा आहे. नाचणी धान्य आणि गहूही धान्य, पण गव्हाची पथ्यं नाचणीला कोणी लावत नाही. पिण्याच्या पाण्याची साधी बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. बीपीएचा बोभाटा झाला तो मुख्यतः पॉलिकार्बोनेटमुळे, म्हणजे ज्याचे वीस लिटरचे कडक निळे जार निघाले त्या प्लास्टिकमुळे, कारण पॉलिकार्बोनेट तयारच बीपीएपासून होतं. कवळीचं अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. ते मिथाइल मेथाक्रिलेट नावाच्या पातळ द्रवापासून बनतं आणि त्याच्या घडणीत बीपीए कुठेच येत नाही. दातांच्या दुनियेत बीपीएशी नातं असलेली एक वस्तू आहे खरी, ती म्हणजे दातात भरायचं पांढरं कॉम्पोझिट. त्यातलं रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट भाग, बहुतेक वेळा बीपीएपासून सुरू होतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तिथलं वाक्य उचलून इथे चिकटवलंय.

हे अ‍ॅक्रिलिक कालपरवा आलेलंही नाही. त्याच्या आधी कवळ्या व्हल्कनाइटच्या असत, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या. रंग काळपट तांबडा, आत लाळ मुरायची, वास धरायचा. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅक्रिलिक आलं आणि दहा वर्षांच्या आत कवळीच्या कामातून रबर जवळजवळ हद्दपार झालं. हिरडीसारखा रंग देता येतो, घासून चमकवता येतं, तुटलं तर जोडता येतं, आणि तोंडाशी त्याचं भांडण नाही. ऐंशी वर्षांहून जास्त काळ जगभरच्या म्हाताऱ्या माणसांनी ते तोंडात वागवलंय.

दुसरा मुद्दा वासाचा. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण अख्ख्या मेसेजमध्ये खऱ्याचा अंश असेल तर तो इथेच आहे.

कवळीचा माल दोन भागांत येतो: गुलाबी पूड आणि पाण्यासारखा द्रव. पुडीत आधीच घट्ट झालेल्या अ‍ॅक्रिलिकचे बारीक मणी असतात. सोबत रंग, हिरडीच्या शिरांसारखे दिसणारे लाल धागे आणि थोडं बेंझॉइल पेरॉक्साइड, जे गरम झालं की द्रवाचे कण एकमेकांना जोडायचं काम सुरू करतं. द्रव म्हणजे मोनोमर, तेच मिथाइल मेथाक्रिलेट. बाटलीत आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात किंचित हायड्रोक्विनोन घातलेलं असतं. तीन माप पूड, एक माप द्रव. नुसता द्रव घट्ट केला तर त्याचं आकारमान २१ टक्क्यांनी घटतं. आधीच घट्ट झालेली पूड मिसळल्यामुळे ही घट सातेक टक्क्यांवर येते. पूड घालायची ती एवढ्यासाठी.

बरणीत कालवलं की मिश्रण आधी ओल्या वाळूसारखं लागतं. मग बोटाला तारा सुटतात. मग एक वेळ अशी येते की ते बरणीच्या कडा सोडतं आणि बोटाला चिकटत नाही, मोदकाची उकड मळून झाली की जशी हाताला लागायची थांबते, अगदी तसं. त्या क्षणी ते साच्यात भरायचं. थोडं आधी भरलंत तर पातळ, थोडं उशिरा भरलंत तर रबरासारखं ताठर, मग ते दातांच्या बेचक्यात शिरत नाही. साचा म्हणजे पितळी फ्लास्कमधलं, म्हणजे आवळून बंद करायच्या धातूच्या पेटीतलं, प्लास्टर. मेणाची कवळी त्यात पुरून मेण गरम पाण्याने वितळवून काढलेलं असतं, आणि प्लास्टरला माल चिकटू नये म्हणून वरून अल्जिनेटचा हात दिलेला असतो. हे अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात. मालवणच्या खडकांवर ओहोटीला जी सरगॅसम उघडी पडते तीही त्याच कुळातली. डॉक्टर तोंडाचं माप घेतात ती पूडही अल्जिनेटचीच.

मग शिजवणं. फ्लास्क आवळून पाण्यात ठेवायचा आणि पाणी ७४ अंश सेल्सिअसला आठ-नऊ तास धरायचं. किंवा ७४ ला दोन तास ठेवून पुढचा एक तास उकळतं. घाई चालत नाही, कारण मोनोमर १००.८ अंशाला उकळतो आणि जोडणी होताना माल स्वतःही तापतो. एकदम उकळत्या पाण्यात टाकलं तर जाड भागात मोनोमरच्या वाफेचे बुडबुडे अडकतात आणि घासताना तिथे छिद्रं दिसायला लागतात. पुरेसा वेळ न देता काढलं तर मोनोमर जोडला न जाता कच्चा राहतो. तो उग्र, नाकात चढणारा वास याच कच्च्या मोनोमरचा. त्याला विष म्हणणं अतिशयोक्ती आहे, पण तो निरुपद्रवी आहे असंही मी म्हणणार नाही. तो चामडीला आणि हिरडीला चुरचुरतो, काही जणांना त्याची अ‍ॅलर्जी होते, आणि सर्वांत जास्त होते ती आम्हाला, बनवणाऱ्यांना. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं दर हिवाळ्यात भेगाळतात. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी उघड्या हाताने माल मळला. साधे रबरी हातमोजेही मोनोमर काही मिनिटांत भेदून जातो हे फार उशिरा कळलं.

आता प्रश्न एवढाच, की तयार कवळीत हा कच्चा मोनोमर राहतो किती? नीट शिजवलेल्या कवळीत सर्वसाधारणपणे ०.२ ते ०.५ टक्के. आंतरराष्ट्रीय मानकात उष्णतेवर शिजवलेल्या मालाला २.२ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे नीट काम केलं तर आपण तिच्या बरेच खाली असतो. त्यातलाही बराचसा भाग प्लास्टिकच्या आतच अडकून राहतो. जो पृष्ठभागाजवळ असतो तो पहिल्या काही दिवसांत पाण्यात निघून जातो. म्हणून तयार कवळी डॉक्टरांकडे देण्याआधी आम्ही ती पाण्यात ठेवतो. थोडाफार लाळेतून गेलाच तर शरीर तो लवकर मोडतं. दोन वर्षं वापरलेल्या कवळीतून आठवड्याला उकळून काढण्याइतका मोनोमर येणार तरी कुठून?

जपायचं ते दुसरीकडे. उष्णतेशिवाय, नुसतं कालवून आपोआप घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक असतं. लॅबमध्ये त्याला सेल्फ-क्युअर म्हणतात. दुरुस्तीला, दातावरच्या तात्पुरत्या टोपीला, माप घ्यायच्या ट्रेला ते उत्तम. पण त्यात तीन ते पाच टक्के मोनोमर कच्चा राहू शकतो. जत्रेत, बाजारात कोपऱ्यावर बसून ‘दहा मिनिटांत फिक्स दात’ लावून देणारे हाच माल ओला असतानाच तोंडात, शेजारच्या दातांभोवती थापतात. तो तिथेच तापतो, तिथेच कडक होतो, हिरडीला भाजतो आणि पुढे निघत नाही. खाली अन्न कुजत राहतं. असे थापलेले दात काढताना शेजारचे चांगले दातही गेलेले मी आमच्या डॉक्टरांकडे पाहिलेत. मेसेज लिहिणाऱ्याला लोकांना सावध करायचंच होतं तर हे लिहायला हवं होतं.

आणि माझ्या स्वतःच्या टेबलाचंही सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलैत, रात्रभर चालणाऱ्या शिजवणीला चार फ्लास्क लावून घरी गेलो. रात्री लाईट गेली. सकाळी पाणी गार. किती वाजता गेली, माल किती वेळ ७४ ला होता, कळायला मार्ग नाही. कवळ्या उघडल्या तर वरून सुंदर दिसत होत्या. चारही टाकून दिल्या आणि पुन्हा मेणापासून सुरुवात केली. डॉक्टर चिडले, पेशंटना आठ दिवस जास्त थांबावं लागलं. तेव्हापासून पावसाळ्यात मी रात्री शिजवण लावत नाही. दिवसा, गॅसवर, थर्मामीटर समोर ठेवून लावतो. नव्या कवळीला दोन-तीन दिवसांनंतरही उग्र वास येत असेल किंवा खाली हिरडी लालबुंद होऊन चुरचुरत असेल, तर डॉक्टरांकडे परत जा आणि स्पष्ट विचारा, ही उष्णतेवर शिजवलेली आहे ना, पुरेसा वेळ दिला होता ना. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चहा आणि पेजेने विष वितळतं, हा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. आपण चहा पितो तो साठेक अंशाला, आणि हे अ‍ॅक्रिलिक मऊ पडू लागतं ते शंभर अंशांच्या आसपास. जे ७४ अंशाला तासन्‌तास शिजून घट्ट झालं ते साठ अंशाच्या घोटाने वितळत नाही. मात्र चहाबाबत एक खरी काळजी आहे, तिचा मेसेजात पत्ता नाही. अ‍ॅक्रिलिकमधून उष्णता फार हळू जाते. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे चहा किती गरम आहे ते टाळूला कळतच नाही आणि घसा पोळतो. नवी कवळी बसलेल्या माणसाने पहिले काही आठवडे चहा आधी ओठाला लावून पाहावा.

आता कॅन्सर. हा शब्द वाचूनच काकींनी गॅस पेटवला होता.

कर्करोगाची कारणं तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची संस्था पदार्थांचे गट करते. गट १ म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध. मिथाइल मेथाक्रिलेट १९९४ मध्ये तपासलं गेलं आणि ते गट ३ मध्ये ठेवलं गेलं, म्हणजे माणसाला कर्करोगकारक ठरवावं इतका पुरावा नाही. आणि गट १ मध्ये काय आहे? तंबाखू, चघळायची आणि लावायचीसुद्धा. सुपारी, नुसती सुपारीसुद्धा. आपल्याकडे घराघरांत तव्यावर तंबाखू भाजून मशेरी होते. सकाळी चुलीपाशी बसून ती हिरडीला लावायची सवय आमच्या आयांना, आज्यांना होती आणि अजून अनेकींना आहे. दात हलले, गेले, कवळी आली, तरी मशेरीची डबी सुटत नाही. कवळीच्या कडेखाली ती मशेरी अडकून तासन्‌तास राहते. ज्या घरात हा मेसेज वाचून कवळी उकळली जाते त्याच घराच्या फळीवर ती डबी असते, आणि तिच्याबद्दल कोणी मेसेज पाठवत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अ‍ॅक्रिलिक शरीराशी किती जमवून घेतं याचे पुरावे तोंडाबाहेरही आहेत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे, म्हणजे याच अ‍ॅक्रिलिकचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. ते आत राहूनही डोळा फारसा चिडत नाही, हे लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती याच पदार्थाची. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून अशा लेन्स स्वस्तात बनवायला सुरुवात केली. गुडघा किंवा खुबा बदलताना नवा सांधा हाडाला धरून ठेवायला जे बोन सिमेंट वापरतात तेही मुळात हेच. गावात कोणाचा मोतीबिंदू काढला, कोणाचा गुडघा बदलला, तर त्या माणसांच्या शरीरात हे वर्षानुवर्षं असू शकतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बोचणारी, घासणारी कवळी तशीच रेटू नका. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा गेला नाही, तर कवळी काढून ठेवून डॉक्टरांना दाखवा. अशी जखम वेळेवर दाखवणं जिवाचं काम आहे, आणि कवळीला दोष देऊन घरी बसण्यात तो वेळ जातो.

कॅन्सर आणि अ‍ॅक्रिलिक हे दोन शब्द माझ्या टेबलावर एकत्र येतात ते वेगळ्या प्रकारे. टाळूच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की कधी कधी तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक उरतं. पाणी पिताना नाकातून येतं, बोललेलं समजत नाही. त्या माणसासाठी कवळीलाच वर गोळा जोडून ते भोक बंद करणारी टाळू बनवतात. ऑब्ट्युरेटर म्हणतात तिला. आजवर मी अशा मोजक्याच केल्यात. एकदा डॉक्टरांनी बसवताना मला वर बोलावलं. त्या गृहस्थांनी आधी एक घोट पाणी घेतलं, थांबले, आणि मग बायकोला नावाने हाक मारली. ती टाळू याच गुलाबी मालाची होती.

उकळणं. “तुम्ही लॅबमध्ये स्वतःच उकळता, मग आम्ही उकळली तर काय बिघडलं?” हा प्रश्न मला काकींच्या नातवाने फोनवर विचारला. प्रश्न रास्त आहे.

लॅबमध्ये कवळी उकळते तेव्हा ती सुटी नसते. चहूबाजूंनी प्लास्टर, बाहेर धातूचा फ्लास्क, वरून शिकंजा. हलायला जागाच नाही. घट्ट होताना माल आकसू पाहतो आणि साचा त्याला आकसू देत नाही. ती ओढाताण कवळीच्या आत तशीच गोठते. म्हणून शिजवून झाल्यावर आम्ही फ्लास्क सावकाश गार करतो, लगेच नळाखाली धरत नाही. तोंडाच्या तापमानाला ही आतली ओढाताण झोपलेली असते. सुटी कवळी शंभर अंशाच्या पाण्यात टाकली की माल मऊ पडण्याच्या उंबरठ्यावर येतो, गोठलेली ओढ सुटते, आणि कवळी आपल्याला हवी तशी नाही तर तिला हवी तशी वळते. वरची कवळी टाळूला धरते ती दोघांमधल्या लाळेच्या पातळ पापुद्र्यावर, कागदाएवढ्या नेमकेपणावर. पीळ थोडासाच पडला तरी तो पापुद्रा तुटतो. पांढुरके ढग येतात तेही गरम पाण्याने. आणि मीठ तर जखमेवरचंच: खडे मीठ चोळलं की चमकवलेल्या पृष्ठभागावर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत बुरशी घर करते. म्हणजे स्वच्छतेसाठी उकळायचं, घासायचं, आणि बुरशीला जागा करून द्यायची.

कवळी धुवायची ती गार किंवा कोमट पाण्याने, मऊ ब्रशने, साध्या द्रव साबणाने. टूथपेस्टही नको, तीही घासकागदासारखी वागते. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकवर जाळीसारखे तडे जातात. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा. न्हाणीतल्या जांभ्या दगडावर हातातून निसटलेली कवळी बहुतेक वेळा दोन तुकडे होऊनच उचलली जाते. मग ते तुकडे घरच्या झटपट गोंदाने जोडू नका. वेड्यावाकड्या जोडलेल्या कवळीचे काठ आम्हाला पुन्हा जुळवता येत नाहीत. तुकडे असेच आणून दिले तर बहुधा त्याच दिवशी जोडून मिळतात. मोडकी कवळी घालून जेवूही नका. अ‍ॅक्रिलिक एक्स-रेमध्ये दिसत नाही. तुकडा गिळला गेला किंवा श्वासनलिकेत गेला तर शोधणं कठीण होतं.

“रात्री काढू नका, जबडा आक्रसतो.” मेसेजातलं सर्वांत घातक वाक्य हेच. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं हे खरं. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, नंतर हळूहळू, आयुष्यभर. कवळी सैल होते ती यामुळे, प्लास्टिक आटल्यामुळे नव्हे. पण रात्रंदिवस कवळीचा दाब ठेवून ते झिजणं थांबत नाही. उलट खालच्या कातडीला श्वास मिळत नाही, लाळ तिथे पोचत नाही, कँडिडा नावाची बुरशी वाढते आणि टाळू कवळीच्या आकारात लालभडक होते. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ माणसांवर तीन वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. झोपेत त्या बुरशीची, जंतूंची लाळ छातीत उतरत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. अपवाद एकच. दात काढल्याबरोबर लगेच बसवलेली कवळी पहिले २४ तास काढायची नसते, ती सूज आवरायला असते. ‘काढू नका’ हे कोणीतरी त्या प्रसंगी ऐकलं असावं आणि ते कायमचं झालं.

रात्री काढलेली कवळी कोरडी ठेवायची नाही, पाण्यातच. अ‍ॅक्रिलिक सावकाश पाणी पितं. नवी कवळी पूर्ण भिजायला सुमारे सतरा दिवस लागतात आणि त्यात ती किंचित फुगते, शिजताना झालेली आकसण थोडी भरून निघते. कोरडी पडली की उलटं होतं. झाकणाचा डबा, साधं पाणी, रोज बदललेलं.

राहिली फ्लेक्झिबल. ती नायलॉनची असते. नायलॉनही रसायनच, ‘केमिकलमुक्त’ म्हणजे काय ते मला अजून समजलेलं नाही. ती वाकते, पडली तर सहसा फुटत नाही, दोन-चार दात बसवायला तारा दिसत नाहीत, आणि ज्यांना खरोखर मोनोमरची अ‍ॅलर्जी आहे त्यांना ती उपयोगी पडते. मीही ती बनवतो. पण तिला अ‍ॅक्रिलिकसारखी चमक आणता येत नाही, काही वर्षांत ती खरखरीत होते, आणि हाड झिजून सैल झाली की आतून थर देऊन घट्ट करणं जमत नाही. तुटली तर जोडणंही कठीण. पूर्ण बोळक्या तोंडाला तर वाकणारी कवळी दाब सारखा वाटून देत नाही. चांगली अ‍ॅक्रिलिक कवळी फेकून तिच्यामागे दुप्पट पैसे घालवायचं काहीच कारण नाही.

काकींच्या कवळीचं माप डॉक्टरांनी पुन्हा घेतलं. दात जुनेच नीट काढता आले असते तर बरं झालं असतं, पण उकळल्याने तेही ढगाळले होते, म्हणून सगळं नवं केलं. परवा दिवसभर शिजवली, रात्रभर फ्लास्कमध्येच गार होऊ दिली. आता ती खिडकीतल्या काचेच्या बरणीत पाण्यात आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी काकी येतील. डॉक्टर तोंडात बसवतील, टोचतं का बघतील. नातवालाही सोबत यायला सांगितलंय.